आमदारसाहेब, तुमच्या ताग्यावर नंबर कुठाय?



अजून साच्यावर उभे असलेल्यांनो, गिरणी सुटली म्हणून कुणाच्या तरी इमारतीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसलेल्यांनो, आणि बापाच्या नावाचा घराचा अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरणाऱ्या गिरणीवाल्यांच्या पोरांनो! आज मला तुमच्याशी आमदाराविषयी बोलायचं आहे. कंटाळू नका. शिव्या द्यायला बोलावलेलं नाही. शिव्या आपण चहाच्या टपरीवर रोज देतो, त्यानं आमदाराचं काही वाकडं होत नाही. आज हिशेब मागायचा आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण साचेखात्यात झालं. तिथली एक गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, तरी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तागा साच्यावरून उतरला की त्याच्या टोकावर साच्याचा नंबर पडतो. मग तो तपासणीच्या टेबलावर जातो. कटलुकर नजर फिरवतो. कुठं तार तुटलेली दिसली, कुठं धोट्याचा मार लागला, कुठं तेलाचा डाग पडला, की आधी टोकावरचा नंबर बघतो. साचा कोणता, पाळी कोणती, उभा कोण होता, सगळं पाच मिनिटांत निघतं. बोलावणं येतं. पैसे कापले जातात. "साहेब, आम्ही सगळ्यांनी मिळून विणलं, एकट्याचं नाव काय लिहिता?" असं म्हणून आजवर कुठला विणकर सुटला आहे काय?

आता तुमच्या पगाराची चिठ्ठी काढा. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुष कामगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ असते: व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ सालच्या कायद्यानं आला, आणि तो आणला रोजगार हमीसाठी. दुष्काळात गावाकडं खडी फोडणाऱ्या आपल्याच भाऊबंदाला मजुरी मिळावी म्हणून शहरातल्या पगारदाराच्या खिशातून हा पैसा काढला. वाईट कायदा नव्हता. आपल्या बापांनी तो कुरकुर न करता भरला. पण बघा, कायदा म्हणजे काय चीज आहे! मुंबईत एका सभागृहात कुणी तरी "होय" म्हणतो, आणि पन्नास वर्षं तुमच्या चिठ्ठीवर त्याची ओळ उमटत राहते. गटार बांधलं तर ते चार पावसाळ्यांत तुंबतं. कायदा तुंबत नाही. तो बापाकडून पोराकडं येतो.

मग हा "होय" म्हणणारा कोण, त्यानं आणखी कशाकशाला "होय" म्हटलं, कशाला "नाही" म्हटलं, आणि स्वतःच्या डोक्यानं त्या सभागृहात काय मांडलं, हे आपल्याला ठाऊक असायला नको काय?

हेच विचारायला आम्ही चौघे जण उपनगरातल्या एका आमदाराच्या कार्यालयात गेलो होतो. अंधेरी आणि बोरिवलीच्या मधलं कार्यालय, स्टेशनचं नाव सांगत नाही. पंखा, थंड पाणी, चहा, सगळं व्यवस्थित. त्यांच्या माणसानं आमच्या हातात गुळगुळीत कागदाचा कार्यअहवाल ठेवला. पानोपानी साहेबांचे फोटो. साहेब गटाराजवळ, साहेब बागेतल्या बाकड्याजवळ, साहेब व्यायामशाळेत डंबेल्सजवळ, साहेब शौचालयाची फीत कापताना. मी सगळी पानं उलटली आणि विचारलं, "साहेबांनी विधानसभेत विधेयकं किती मांडली?" तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. "विधेयक म्हंजे? साहेब विकासाची कामं करतात." मी म्हटलं, "बरं, गेल्या अधिवेशनात कुठल्या कायद्याला मत दिलं, कुठल्या कायद्याला विरोध केला?" तो म्हणाला, "ते पक्षाचं असतं."

ते पक्षाचं असतं! म्हणजे बाकडं साहेबाचं आणि कायदा पक्षाचा. बाकड्यावर नाव कोरलेलं, आणि कायद्यावर कुणाचंच नाव नाही.

बंधूंनो, मुंबईत ३६ आमदार आहेत, त्यातले २६ उपनगर जिल्ह्याचे. प्रत्येकाला वर्षाला ५ कोटींचा निधी आहे, त्यातून बाकडी येतात. ती नको असं मी म्हणत नाही. आमच्या आईला गुडघेदुखी आहे, तिला बाकडं लागतं. पण बाकड्यासाठी नगरसेवक आहे, महापालिका आहे. आमदार आपण कायदा करायला पाठवतो. विणकराला साच्यावर ठेवला आणि तो दिवसभर खातं झाडत बसला, तर खातं स्वच्छ होईल हो, पण कापड?

आता कुणी म्हणेल, एकटादुकटा आमदार काय करणार? सरकारचं बहुमत असतं, सरकारी विधेयकं मंजूर होतात, खासगी विधेयकाला कोण विचारतो? खरं आहे. लपवत नाही. दिल्लीच्या संसदेत सुद्धा आजवर १४ खासगी विधेयकं कायदा झाली, आणि १९७० नंतर एकही नाही. तरी ऐका.

याच उपनगरात, गोरेगावला, मृणाल गोरे नावाची बाई राहत होती. पाण्याच्या नळासाठी हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर उतरवणारी, म्हणून लोक तिला पाणीवाली बाई म्हणत. महागाईच्या विरोधात १९७२ च्या सुमाराला लाटणी घेऊन मोर्चे निघाले, त्यात ती आणि अहिल्याताई रांगणेकर पुढं होत्या. आधी गोरेगावच्या ग्रामपंचायतीत, मग १९६१ ला महापालिकेत, १९७२ ला विधानसभेत, आणीबाणीत तुरुंगात, तिथून १९७७ ला लोकसभेत, आणि १९८५ ला परत विधानसभेत. तिच्यापाशी फोटो काढायला कमी प्रसंग होते काय? पण १९८६ साली ह्या बाईनं विधानसभेत खासगी विधेयक मांडलं: पोटातलं बाळ मुलगी आहे म्हणून कळवून ते पाडण्याचा जो धंदा मुंबईत राजरोस चालला होता, तो बंद करा. त्या वेळी या धंद्याच्या जाहिराती लागत. मोठमोठे डॉक्टर त्यात होते. विरोधी बाकावरच्या बाईचं विधेयक, ते जसंच्या तसं मंजूर होणार नव्हतंच. पण ते टेबलावर पडलं. बाहेर बायकांच्या संघटना उभ्या होत्या. सरकारला उत्तर देणं भाग पडलं, आणि १९८८ साली महाराष्ट्र सरकारनं स्वतःचा कायदा केला. देशातला असला पहिला कायदा. दिल्लीला तसाच कायदा करायला १९९४ उजाडलं.

ही खासगी विधेयकाची ताकद. विधेयक पडलं तरी प्रश्न उभा राहतो, आणि प्रश्नावर नंबर पडतो. मृणालताई २०१२ साली वारल्या. गोरेगावात कुठलं बाकडं त्यांच्या निधीतलं हे आज कुणालाच ठाऊक नसेल. त्या प्रश्नावरचा कायदा मात्र आजही आहे.

आणि हे काही गोरेगावला पहिल्यांदा घडलं नाही. आपल्या गिरणगावची परंपराच ती आहे. कामगार हितवर्धक सभेचे सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला, की सरकारी पैशानं चालणारी पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. एक ठराव! कागदावरच्या चार ओळी. पण महाडच्या नगरपालिकेला त्याला अनुसरून तळं खुलं करावं लागलं, आणि प्रत्यक्षात पाणी भरू देईनात तेव्हा २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले. चळवळीच्या हातात तो ठराव होता. "तुमच्याच कायदेमंडळानं म्हटलंय" असं ठणकावून सांगता येत होतं.

बाबासाहेबांचा स्वतःचा हिशेब काढा. तो तर आपल्या गिरणीच्या दारातून जातो. आपल्यातले निम्मेशिम्मे लोक कोकणातले. आपले आजे-पणजे मुंबईला का आले? हौस म्हणून नव्हे. गावात खोत होता. पिकवायचं आपण, आणि अर्धं पीक उचलायचं खोतानं, वर वेठ. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी बोटीनं, पायी मुंबईला येऊन कौन्सिल हॉलवर मोर्चानं गेले. विधेयक मंजूर झालं काय? नाही. तेव्हाच्या सरकारनं ते लोंबकळत ठेवलं. पण १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा करावाच लागला. महार वतनाचंही तसंच: विधेयक १९२८ साली मांडलं, वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं! कुणाला वाटेल, काय उपयोग? अरे, तीस वर्षं तो तागा टेबलावर पडून होता, आणि त्याच्यावर कुणाचा नंबर आहे हे सगळ्या गावाला दिसत होतं.

आणि १९३८. त्या साली मुंबई सरकारनं औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. सरकार काँग्रेसचं, म्हणजे स्वदेशी माणसांचं, लोकांनी निवडून दिलेलं. विधेयकाचा मतलब असा, की कामगारानं संप करायच्या आधी तडजोडीच्या लांबलचक पायऱ्या चढल्याच पाहिजेत, आणि न चढता काम थांबवलं तर तो गुन्हा. सप्टेंबर महिन्यात बाबासाहेब सभागृहात उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं: काम सोडणं हा फार तर करार मोडणं आहे, त्याला शिक्षा करून माणसाला मनाविरुद्ध कामाला जुंपणं म्हणजे त्याला गुलाम करणं. संपाचा हक्क आणि स्वातंत्र्याचा हक्क त्यांना एकच वाटत होता. सभागृहात त्यांच्या बाजूची माणसं मूठभर. हरणार हे ठाऊक होतं. तरी "नाही" म्हणाले, कारणं सांगून म्हणाले, आणि ते छापून राहिलं. मग ७ नोव्हेंबर १९३८ ला सभागृहाबाहेर, गिरणीच्या दारात, आपल्या आजोबांनी एक दिवसाचा संप करून तेच "नाही" म्हटलं. त्यात लाल बावट्याचे डांगे, निंबकर आणि बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष एका व्यासपीठावर होते. आतलं मत आणि बाहेरचा संप एकमेकांना धरून होते. आमदार असा असतो!

तो कायदा झालाच. त्याच्या पोटातून १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा. ह्या कायद्यानं आपल्या धंद्यात एकच मान्यताप्राप्त प्रतिनिधी युनियन ठरली, बाकीच्यांनी कितीही कामगार गोळा केले तरी मालकाशी बोलायचा हक्क तिचाच. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. डॉक्टर दत्ता सामंत, आपल्या घाटकोपरचे डॉक्टर, पुढं होते. पगारवाढ, बदली कामगाराला कायम करणं, ह्या मागण्यांबरोबर एक मागणी होती, हा कायदा जाऊ दे. माझ्या बापानं त्या संपात आईचं मंगळसूत्र मोडलं. मला ती गोष्ट त्यानं दहा वेळा सांगितली असेल, पण एक सांगता आलं नाही: त्या वेळी आमच्या भागाच्या आमदारानं विधानसभेत ह्या कायद्याविषयी काय म्हटलं? बापाला ठाऊक नव्हतं. त्याचा दोष नाही. कुणी त्याला सांगितलंच नाही.

आता आजच्याकडं या. विधानसभेत मत कसं घेतात ते तुम्हाला सांगतो, कारण टीव्हीवर दिसतं तेवढ्यावरून समजत नाही. मंत्री विधेयक मांडतो. चर्चा झाली तर झाली. मग अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी "होय" म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी "नाही" म्हणावं. आवाज होतो. अध्यक्षांच्या कानाला जास्त आवाज ज्या बाजूचा वाटला ती बाजू जिंकली. झालं! ह्याला आवाजी मतदान म्हणतात. कोण होय म्हणाला, कोण नाही, कोण बाहेर चहा पीत होता, कोण झोपला होता, ह्याची नोंद कुठंही नाही. कुणी मतविभागणी मागितली, म्हणजे डोकी मोजायला लावली, तरच नाव कागदावर येतं.

म्हणजे आमच्या खात्यात एक तार तुटली तर नंबर, आणि राज्याचा कायदा विणताना नुसता गलका!

बरं, डोकी मोजता येत नाहीत असं आहे काय? येतात की! ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा मोजली: १६९ बाजूनं, विरोधात शून्य, भाजप सभात्याग करून बाहेर. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावाला मोजली: १६४ विरुद्ध ९९. एकेक आमदार उभा करून, नाव घेऊन मोजला. खुर्ची कुणाची हा प्रश्न असला की प्रत्येक डोक्याला नंबर मिळतो. कामगाराचा, शेतकऱ्याचा, भाडेकरूचा कायदा असला की डोकी एकदम पीठ होऊन जातात. आणि गंमत बघा, १२ नोव्हेंबर २०१४ ला तर फडणवीस सरकारनं खुर्चीचा ठराव सुद्धा आवाजावर नेला. २८८ च्या सभागृहात त्यांच्याकडं स्वतःचं बहुमत नव्हतं. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत राहिले. अध्यक्षांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी खरोखर कोण कुणाच्या बाजूनं होतं, हे आज दहा वर्षांनंतरही कुणी कागद दाखवून सांगू शकत नाही.

मी कुठल्या एका पक्षावर रोख धरलेला नाही, हे ध्यानात घ्या. १९३८ चा कायदा एकाचा, २०१४ चा आवाज दुसऱ्याचा. आवाजी मतदानाची गोधडी सगळ्यांना उबदार वाटते.

जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक आलं. सरकारला संघटना बेकायदा ठरवता यावी असला कायदा. युनियनवाल्यांना त्याची धास्ती वाटली नसती तरच नवल. १० तारखेला विधानसभेत ते आवाजी मतदानानं मंजूर झालं. डहाणूचे मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले उभे राहून विरोधात बोलले. एक माणूस. त्यांचं नाव आपल्याला कळलं ते त्यांनी तोंड उघडलं म्हणून, मोजणी झाली म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. सभात्याग! बाहेर रस्त्यावर विरोध, भाषणात विरोध, आणि हात वर करायची वेळ आली की पायऱ्यांवर! साच्यावर तार तुटत असताना खातं सोडून संडासात जाणाऱ्या विणकराला आपण काय म्हणतो ते इथं छापता येणार नाही.

दिल्लीचंही तेच. औद्योगिक संबंधांची संहिता सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आवाजी मतदानानंच झाली, विरोधक बहिष्कार टाकून बाहेर. आधी शंभर कामगार असलेल्या कारखान्याला टाळं लावायला सरकारची परवानगी लागायची. संहितेनं ती मर्यादा तीनशे केली. संपाला चौदा दिवसांची नोटीस सगळ्या धंद्यांना लागू केली. १९३८ चंच कापड, नवा रंग दिलेलं. आणि ही संहिता अंमलात कधी आली ठाऊक आहे? २१ नोव्हेंबर २०२५. २१ नोव्हेंबर! १९५५ साली ह्याच तारखेला विधानसभेवर निघालेल्या मोर्च्यावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या चालल्या आणि पंधरा माणसं पडली. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गेली, त्यात गिरणीतले किती होते ते हुतात्मा चौकात जाऊन नावं वाचा. ती माणसं विधानसभेच्या वाटेवर मेली. ते सभागृह मराठी माणसाचं व्हावं, त्यातलं कामकाज आपल्या भाषेत चालावं, चौथी शिकलेल्यालाही वाचता यावं, म्हणून मेली. १ मे १९६० ला राज्य आलं. कामकाज मराठीत चालतं, मराठीत छापलं जातं. आणि त्या छापील पानावर "होय" कुणी म्हटलं हे लिहिलेलं नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. गिरण्यांची जमीन.

१९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळपणे तीन वाटे करा: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडामार्फत घरांना, एक मालकाला. मालकांना हे पचेना. २००१ च्या मार्चमध्ये सरकारनं त्या नियमात बदल केला. वाटे करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती हिशेबात धरायची नाही. गिरणी म्हणजे सगळी शेडच की हो! मोकळी जमीन म्हणजे भोंग्याखालचं अंगण आणि कँटीनमागची पट्टी. सहाशे एकरांच्या आसपास जमीन गिरणगावात, आणि शहराच्या नि कामगाराच्या वाट्याला अंगणाचा तुकडा. मुंबई हायकोर्टानं २००५ च्या ऑक्टोबरात हा अर्थ फेटाळला. सुप्रीम कोर्टानं ७ मार्च २००६ ला मालकांच्या बाजूनं निकाल दिला. मग टॉवर चढले, मॉल चढले.

ह्या बदलाला विधानसभेत कुणी मत दिलं? कुणीच नाही! विधेयक आलंच नाही. आवाजी मतदान सुद्धा झालं नाही. तो अधिसूचनेनं झाला, मंत्रालयातल्या एका सहीनं. कामगारांच्या तीन पिढ्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय, आणि २८८ मधल्या एकाही आमदाराला त्याच्यावर हात वर करावा लागला नाही. सरकारला असली ताकद दिली कुणी, असं विचाराल तर तीही विधानसभेनंच दिली, १९६६ च्या नगररचना कायद्यानं. पण दिलेली ताकद काढून घेता येते, तिला लगाम घालता येतो. "गिरणीच्या जमिनीचा नियम बदलायचा तर तो सभागृहापुढं आणून मतविभागणीनंच बदला" असं दोन कलमांचं खासगी विधेयक मांडायला काय लागतं? एक कागद आणि छाती. आज पावणेदोन लाखांच्या आसपास कामगार आणि वारस घरासाठी अर्ज करून बसले आहेत, आणि त्यांना शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जातो. परळला राबलेल्या माणसानं कर्जतच्या लोकलमध्ये उभं राहून म्हातारपण काढायचं! ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानावर आपण पावसात बसलो, तेव्हा बरेच आमदार माईकवर येऊन गेले. फार छान बोलले. त्यातल्या प्रत्येकाला मला एवढंच विचारायचं होतं, तुमचं विधेयक कुठं आहे?

आमदार म्हणतील, आमच्यावर पक्षादेश असतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं पक्षाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाते. खरं आहे. पण पक्षादेश मताला बांधतो, जिभेला नाही. प्रश्न विचारायला, खासगी विधेयक मांडायला, मतविभागणी मागायला कुठल्या कायद्यानं बंदी केली? आणि खुर्चीच जाईल म्हणत असाल, तर १९५६ साली मुंबईसाठी चिंतामणराव देशमुखांनी देशाच्या अर्थमंत्र्याची खुर्ची सोडली. तुमची खुर्ची त्याहून उंच आहे काय? शिवाय पक्ष बदलताना, गट फोडताना हा कायदा कुणाला आडवा आलेला मी पाहिला नाही. तो फक्त कामगाराच्या बाजूनं बोलायची वेळ आली की आडवा येतो.

आपलंही चुकतं. खोटं कशाला बोलू? आमदार चाळीत आला की आपण काय मागतो? गटार, लादी, गणपतीला वर्गणी, पोराला शाळेत चिठ्ठी. मीही चिठ्ठी मागितली आहे. जे मागू तेच तो देणार. लाद्या मागितल्या, लाद्या मिळाल्या. त्याच्या अहवालात विधेयकाचं पान नाही, कारण आपण कधी ते पान उलटून बघितलं नाही.

म्हणून आज ह्या सभेतून घरी जाताना एक पोस्टकार्ड घ्या. लांबलचक निवेदन नको, ते टेबलाखालच्या टोपलीत जातं. मराठीत, स्वतःच्या हातानं लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालेल, माझंही वाईटच आहे. त्यात विचारा, की निवडून आल्यापासून आपण खासगी विधेयकं किती मांडली आणि कोणत्या विषयावर. कामगारांच्या कुठल्या कायद्यावर सभागृहात आपण बोललात, ती तारीख कळवा म्हणजे आम्ही छापील कामकाज काढून वाचू. आणि येत्या अधिवेशनात, मुंबईला असो की नागपूरला, कामगाराच्या आणि गिरणीच्या जमिनीच्या विधेयकावर आपण उभं राहून मतविभागणी मागणार काय, होय की नाही. खाली नाव, गिरणी, खातं, आणि आठवत असेल तर बिल्ला नंबर घाला. आपला नंबर लिहायला आपल्याला कधीच लाज वाटलेली नाही.

कार्यालयात देऊ नका, तिथं चहा मिळेल आणि पत्र राहील. आमदाराच्या नावानं सरळ विधानभवन, मुंबई ४०० ०३२ ह्या पत्त्यावर टाका. उत्तर आलं तर ते चाळीच्या फळ्यावर लावा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर पोस्टकार्डाची नक्कल तिथंच लावा, वर आमदाराचं नाव लिहा, आणि खाली उत्तराची जागा कोरी सोडा.